मधमाश्यांचा श्रावण

गच्चीवरच्या दुधीची एक तक्रार दर पावसाळ्यात ऐकू येते. वेल मांडवभर पसरलाय, फुलं रग्गड आहेत, फुलामागे बोटाएवढा दुधीही दिसतो आणि चार दिवसांत तो पिवळा पडून गळतो. मग सल्ले सुरू होतात. ताक शिंपडा, शेंडा खुडा, शेणखत वाढवा. त्यातला एखादा लागूही पडतो. पण बहुतेकदा दुखणं वेगळं असतं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन वर येईतो मान टाकतं. नर फूल निराळं, मादी फूल निराळं. मागे दिसणारा तो बोटाएवढा दुधी म्हणजे अजून फळ नव्हे, फळाची नुसती तयारी. रात्रीतून कुणी नर फुलातले परागकण आणून पोचवले तरच पुढचं सगळं. सहाव्या मजल्यावर, चारी बाजूंनी पांढऱ्या दिव्यांनी उजळलेल्या गच्चीत हे काम करणारे पतंग फिरकत नाहीत. मग घरातलं कुणीतरी दिवेलागणीला कापसाची काडी घेऊन वेलापाशी उभं राहतं. दुधी धरतो. पण पाहुणे का आले नाहीत, हा प्रश्न तसाच राहतो.

भोपळ्याचं हे घराणं नीट पाहिलं तरी बागेचा निम्मा अभ्यास होतो. एकाच मांडवावर दोन पाळ्या चालतात. लाल भोपळा पहाटे उघडतो आणि ऊन तापायच्या आत मिटतो. काकडी, कारलं, घोसाळं हीही सकाळचीच. दोडका मात्र दुपार कलल्यावर, पाचच्या सुमारास फुलतो; दुधी आणि पडवळ त्याच्याही मागून, अंधार पडताना. सकाळची पाळी मधमाश्यांची, रात्रीची पतंगांची. म्हणजे ‘मधमाश्यांसाठी दोन कुंड्या लावल्या’ एवढ्यावर परसातली भाजीसुद्धा पुरी होत नाही.

उसनं पंचांग

परागवाहकांसाठी बाग करावी ही कल्पना अलीकडे आपल्याकडे जोरात आहे, आणि ती आली ब्रिटन-अमेरिकेतल्या पुस्तकांतून, व्हिडिओंतून. तिथल्या सल्ल्याचा कणा साधा आहे. हिवाळ्यात सगळं झोपतं, वसंतात जागं होतं. म्हणून वसंताच्या पहिल्या फुलापासून शरदातल्या शेवटच्या फुलापर्यंत बहर तुटू देऊ नका. रानफुलांचं कुरण करा. भिंतीवर पोकळ काड्यांचं ‘मधमाश्यांचं हॉटेल’ टांगा. यात चूक काही नाही. फक्त तो सल्ला ज्या वर्षाच्या मापानं शिवलाय, ते वर्ष आपलं नाही.

उष्ण प्रदेशात कीटकांवरची भिस्तही जास्त असते. जेफ ऑलर्टन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली जगभरच्या फुलझाडांचा हिशेब मांडला. एकूण फुलझाडांपैकी सुमारे ८७.५ टक्के झाडं परागीभवनासाठी प्राण्यांवर अवलंबून आहेत. समशीतोष्ण पट्ट्यात हे प्रमाण ७८ टक्के भरतं, उष्ण कटिबंधात ९४. तिकडे वाऱ्यावर थोडंफार निभावतं, इकडे त्याहूनही कमी. माणसाच्या ताटाचं बघायचं तर संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या जैवविविधता मंचाच्या २०१६ च्या अहवालात म्हटलंय की जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी तीन चतुर्थांश प्रकारांना थोडाफार तरी या पाहुण्यांचा हातभार लागतो.

आता आपलं वर्ष पाहू. माघ-फाल्गुनात काटेसावर, पळस, पांगारा अंगावरची पानं उतरवून फुलतात. चैत्र-वैशाखात करंज, कडुनिंब, जांभूळ, हिरडा, बहावा. कुंड्यांमधली माती तडकलेली असते, हिरवळ करपलेली असते, आपल्या लेखी तो बागेचा भकास काळ. सह्याद्रीतल्या मोहोळांची मात्र तीच सुगी. महाबळेश्वरच्या बाजूला जांभळाचा मध, हिरड्याचा मध, गेळ्याचा मध अशी नावं मधाला मिळतात ती याच फुलोऱ्यांवरून. आणि मग पाऊस लागतो. घाटमाथ्यावर आणि कोकणात जून ते सप्टेंबर माश्यांना बाहेर पडायला उघडीप मिळत नाही. फूल असलं तर पराग भिजलेला, मकरंद पाण्यानं पातळ झालेला. सातेरी माश्या पाळणारे लोक या दिवसांत पेट्यांना साखरेचा पाक घालून वसाहती जगवतात. डोंगर हिरवेगार, कविता बहरात, आणि मोहोळं उपाशी. श्रावणातले उपास आपण मोजून करतो. मधमाश्यांना ते न मागता घडतात.

उष्ण हवामानातल्या, निदान आपल्या बागेचा आराखडा म्हणूनच उलट्या टोकानं सुरू करावा असं मला वाटतं. उन्हाळ्याची फुलं मोठी झाडं सांभाळतात. कुंडीनं आणि वाफ्यानं पावसाळ्याची जबाबदारी घ्यावी. आषाढापासून भाद्रपदापर्यंत काय फुलेल, हा पहिला प्रश्न. भारंगी, निर्गुडी, गोकर्ण, कळलावी, तेरडा, रानहळद, पेव, मुरुडशेंग, कुंपणाशी पसरलेलं लाजाळू. यातलं निम्मं रोपवाटिकेत ‘औषधी’ म्हणून मिळतं, निम्मं मिळतच नाही आणि कुणाच्या तरी शेताच्या बांधावरून आणावं लागतं. खाली तोंड करून लटकणारी किंवा नळीसारखी फुलं पावसात तगून राहतात, वर तोंड करून पसरलेली भिजून जातात. आणि इथं फ्लॅटवाल्यांना एक फायदा आहे, जो कुणी सांगत नाही: गॅलरीला छप्पर असतं. छपराखालच्या तुळशीच्या, सब्ज्याच्या मंजिऱ्या भर पावसातही कोरड्या राहतात. अर्ध्या तासाची उघडीप मिळाली की तिथं माश्या दिसतात.

तुळशीबद्दल एक भांडण नोंदवून ठेवतो. झाड दाट राहावं म्हणून मंजिऱ्या खुडायची आपल्याकडे रीत आहे, आणि झाडाच्या दृष्टीनं ती बरोबरच आहे. पण घरात दोन तुळशी असतील तर एकीच्या खुडा, एकीच्या राहू द्या.

वर सांगितलेलं पंचांग सगळ्या महाराष्ट्राला लागू नाही. देशावर, मराठवाड्यात, विदर्भात पाऊस एवढा सलग नसतो. तिथं पावसाळ्यात बांधावरचं तण, तीळ, कारळं, भाज्या यांवर माश्यांचं बरं चालतं. त्या भागात जिवावर बेतणारा काळ म्हणजे वैशाखाचा शेवट आणि ज्येष्ठ. फुलांपेक्षाही पाण्याची ओढ. नागपूरच्या बागेनं महाबळेश्वरचं पंचांग वापरू नये, हे इंग्लंडचं न वापरण्याइतकंच खरं.

काही गोष्टी तर कुठल्याच बागेच्या आवाक्यातल्या नाहीत. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली, आणि कारवीचा मध मिळतो तो अशाच वर्षी. ते काम जंगलाचं.

कामकरी कोण कोण

मधमाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चार-पाच जणी येतात. उंच झाडांवर, पाण्याच्या टाक्यांखाली मोठमोठी पोळी लटकवणारी आग्या. झाडाच्या ढोलीत एकाशेजारी एक समांतर पोळी बांधणारी सातेरी. झुडपाच्या फांदीवर हाताच्या पंजाएवढं एकच पोळं करणारी फुलोरी. कोकणातल्या चिऱ्याच्या भिंतीत, विजेच्या मीटरच्या पेटीत मेणाची नळी काढून राहणारी, न डसणारी इवलीशी पोया. आणि पेट्यांमधली युरोपीय मेलिफेरा, जी भारतात १९६२ साली कांगड्याच्या खोऱ्यातल्या नगरोट्यात पहिल्यांदा नीट रुजली. भारतात मधमाश्यांच्या सातशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. म्हणजे ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, पोळं नाही, मध नाही, राणी नाही, अशा एकट्यानं संसार करणाऱ्याच त्यात बहुसंख्य.

वांग्याचं फूल घ्या. त्याचे पुंकेसर बंद नळ्यांसारखे असतात. टोकाशी बारीकसं भोक, पराग आत. वरून ओरबाडून तो निघत नाही. निळ्या पट्ट्यांची एक एकाकी माशी आणि आपला काळा भुंगा फुलाला मिठी मारून अंगाचे स्नायू थरथरवतात. ‘घूंऽऽ’ असा सूर चढतो आणि मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा पराग झडतो. आग्या, सातेरी, मेलिफेरा यांना ही युक्ती येत नाही. वांग्याच्या शेताकडेला मेलिफेराच्या पन्नास पेट्या ठेवल्या तरी हे काम त्यांच्यानं होणार नाही. टोमॅटो आणि डोरलीची रचनाही अशीच. शेवग्याच्या फुलांवरचा मोठा कामगार भुंगाच. गुलाबाच्या पानाच्या कडेला कंपासनं काढल्यासारखे अर्धगोल कापे दिसले की आपण कीड पडली म्हणून फवारणीची बाटली शोधतो. तो पानकाप्या माशीचा उद्योग असतो. ती त्या तुकड्यांनी पिल्लांच्या खोल्या वळते, आणि तुरीच्या फुलांवर कष्ट करणारी तीच.

मधमाश्यांच्या पलीकडे तर फारच गर्दी आहे. आंब्याच्या मोहोरावर मधमाश्यांपेक्षा साध्या माश्यांचीच वर्दळ जास्त: घरमाशीचे भाऊबंद, फुलांपुढे हवेत स्थिर उभ्या राहणाऱ्या पट्टेदार माश्या. सीताफळाचं काम बारीक भुंगेरे करतात. त्याचं फूल आधी मादी असतं, मग नर होतं. पाकळ्यांच्या जाड कोठडीत भुंगेरा एका अवस्थेत शिरतो आणि पराग घेऊन दुसऱ्या फुलात जातो. हे भुंगेरे कुजणाऱ्या फळांवर, पालापाचोळ्यात वाढतात. झाडाखालचं अंगण आरशासारखं झाडून ठेवणाऱ्यानं फळं कमी लागली म्हणून झाडाला बोल लावू नये. उंबर फोडल्यावर उडणारी केंबरं म्हणजेही त्या झाडाचे परागवाहकच. ती नसतील तर उंबराला बी धरत नाही.

रात्रपाळीतलं सर्वांत नवलाचं प्रकरण आपल्याच भीमाशंकरचं आहे. तिथल्या वारस नावाच्या झाडाची पांढरी फुलं रात्री उमलतात. हेमा सोमनाथन आणि रिनी बोर्जेस यांनी तिथं अभ्यास केला तेव्हा त्या फुलांवर येणारा मुख्य पाहुणा पतंग नसून भुंगा निघाला. त्याच जंगलातली भुंग्याची एक जात तर चंद्र नसलेल्या रात्रीही उडते, आणि ताऱ्यांच्या उजेडात तिला रंग ओळखता येतात. आपल्याला त्या उजेडात स्वतःचा हात दिसत नाही. केळफूल, काटेसावर, टेटू यांच्याकडे वटवाघळं जातात, बांडगुळांकडे आणि पांगाऱ्याकडे शिंजीर. या सगळ्यांना एका गॅलरीत बोलवायचं नाहीच. पण ‘परागवाहक’ या शब्दाचा अर्थ मधाची बाटली एवढाच घ्यायचा नाही, हे कळलं तरी पुष्कळ.

मकरंद कुणाचाही, पान मात्र ओळखीचं

देशी झाडं की परदेशी, या वादात दोन्ही बाजूंनी बरंच वेडं बोललं जातं. झेंडू, झिनिया, कॉसमॉस, ज्या गुलाबी फुलांच्या वेलाला बरेच लोक आइस्क्रीम वेल म्हणतात तो, हे सगळे मेक्सिकोच्या बाजूचे. त्यांच्यावर आपल्या माश्या आनंदानं बसतात. आइस्क्रीम वेलावर तर भर दुपारी पोया, फुलोरी, आग्या अशा तिघी एकदम पाहिल्यात. साध्या एक्झोऱ्यावर फुलपाखरं तुटून पडतात. मकरंद हे खुलं अन्नछत्र आहे. पंगतीत कुणीही बसावं.

अळीचं तसं नाही. तिला ठरलेलंच पान लागतं, आणि ते नसेल तर ती उपाशी मरेल पण दुसरं खाणार नाही. लिंबू, कढीपत्ता, बेल यांवर लिंबाळी फुलपाखरांची अंडी. रुईवर पट्टेरी अळी, तिचं पुढे केशरी ‘प्लेन टायगर’. कण्हेरीच्या पानाखाली चांदीच्या लोलकासारखा कोष लटकतो तो ‘कॉमन क्रो’चा. बहावा आणि टाकळ्यावर पिवळी-पांढरी फुलपाखरं, सोनचाफा आणि सीताफळावर हिरव्या ठिपक्यांचं ‘टेल्ड जे’, कृष्णकमळावर केशरी ‘टॉनी कोस्टर’. कुंडीत आपोआप उगवणाऱ्या घोळीवर ‘डॅनाइड एगफ्लाय’. २०१५ साली महाराष्ट्रानं ‘ब्लू मॉरमॉन’ म्हणजे नीलवंत हे राज्य फुलपाखरू ठरवलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्याच्या अळीला लिंबूवर्गातली झाडं लागतात, रानात माकडलिंबू. एक लिंबाचं झाड लावलं की नीलवंताची सोय झाली असं नाही, पण लिंबाशिवाय तर नाहीच नाही.

आता ही यादी पुन्हा वाचा: रुई, बेल, कण्हेर. गणपतीच्या पत्रींत हीच नावं येतात. सोबत तुळस, आघाडा, डोरली, शमी. यादी गावोगाव थोडी बदलते. कीटकांसाठी ती कुणी केली असं मला मुळीच म्हणायचं नाही. आपल्याकडे प्रत्येक रूढीच्या खाली विज्ञान पुरलेलं सापडतं, त्या खोदकामात मी नाही. एवढंच की बागेसाठी झाडांची यादी शोधत इंटरनेटभर फिरणाऱ्यानं भाद्रपदात मंडईबाहेर पत्री विकायला बसलेल्या मावशींना विचारावं. कुठलं झाड कुठल्या ओढ्याकाठी मिळतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

दुसरी फसगत दुहेरी फुलांची. पाकळ्यांचा गच्च चेंडू झालेला झेंडू, शंभर पाकळ्यांचा गुलाब, दुहेरी जास्वंद. पुष्कळदा या जादा पाकळ्या पुंकेसरांच्याच जागी आलेल्या असतात. पराग कमी, मकरंदाकडे जायची वाट बंद. एकेरी फूल निवडणं हा सगळ्यात स्वस्त बदल. सोसायटीच्या कुंपणाचा पिवळा डुरांटा फुलण्याआधीच दर पंधरवड्याला छाटला जातो. ती हिरवी-पिवळी भिंतच झाली म्हणायची. अरेका पाम आणि हिरवळीच्या गालिचाबद्दल बोलायलाच नको. रस्त्याकडेला लावतात त्या पिचकारीच्या म्हणजे आफ्रिकन ट्युलिपच्या शेंदरी फुलांत मेलेल्या माश्या सापडतात, आणि ब्राझीलमधल्या संशोधकांनी त्या फुलांमुळे न डसणाऱ्या माश्या मरतात असं नोंदवलंय. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प भारंभार लावलं गेलं. हिवाळा सरताना त्याच्या गुलाबी फुलांवर भुंगे येतात हे खरं, पण त्याच्या दाट रानाखाली बाकी काही उगवत नाही, म्हणजे वर्षातले इतर दहा महिने उपासाचे. घाणेरीचंही तेच. फुलपाखरांना ती प्रिय आहे, म्हणून मुद्दाम लावणारे लोक भेटतात. तिनं देशभरच्या जंगलांचं काय केलंय ते पाहता कुंडीतही ती नको, असं माझं मत.

उष्ण हवेचा एक सापळा अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या राज्यांत उघडकीला आला. मोनार्क फुलपाखरांसाठी लोकांनी उत्साहानं उष्ण कटिबंधातली रुईची बहीण लावली. आपल्याकडे तिला हळदीकुंकू म्हणतात. तिकडची देशी झाडं हिवाळ्यात वाळून जातात, ही मात्र बारा महिने हिरवी. पानांवर एका परजीवीचे बीजाणू साठत गेले आणि पिढ्यान् पिढ्या अळ्या त्याच पानांवर वाढून आजारी पडू लागल्या. तेव्हापासून तिथले जाणकार हे झाड हिवाळ्याच्या तोंडाशी जमिनीलगत छाटायला सांगतात. आपल्याकडे मोनार्क नाही, पण जिथं थंडी झाडं मारत नाही तिथं बागेला विश्रांती माळ्यानंच द्यायची असते, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. रुई आणि हळदीकुंकू वर्षातून एकदा कापावं.

माती, लाकूड, पाणी

फुलांवर सगळे बोलतात, घरांवर कुणी नाही. जगातल्या मधमाश्यांच्या जातींपैकी सुमारे सत्तर टक्के जमिनीत बीळ करून राहतात. त्यांना उघडी, न खणलेली, ऊन लागणारी माती हवी. आपली शहरी सोसायटी कशात पटाईत असेल तर ती माती झाकण्यात: पेव्हर ब्लॉक, काँक्रीट, फरशी, उरलेल्या जागी कृत्रिम हिरवळ. निळ्या पट्ट्यांची माशी पूर्वी मातीच्या कुडात, भेंड्यांच्या भिंतीत बिळं करायची. सिमेंटच्या भिंतीत तिला जागा नाही. वांग्याला फळ कमी येतं त्याचं एक कारण असं घराच्या बांधकामात असू शकतं. कुंपणाच्या आतल्या बाजूला, दक्षिणेकडे तोंड करून दोन हात लांबीची पट्टी नुसती सोडून द्यायची. खणायचं नाही, आच्छादन घालायचं नाही.

भुंग्याला वाळकं लाकूड किंवा बांबू लागतो. मांडवाचा जुना बांबू तो कोरतो म्हणून लोक ती भोकं बुजवतात. बाजारात मिळणारी कीटकांची हॉटेलं मी दमट हवेसाठी सुचवणार नाही. पावसाळ्यात त्यांच्या काड्यांत बुरशी धरते, मुंग्या वस्ती करतात, आणि दाटीवाटीनं राहणाऱ्या पिल्लांना रोग लागतो. बरूच्या किंवा बांबूच्या पेराशी बंद असलेल्या वेगवेगळ्या जाडीच्या डझनभर काड्या सुतळीनं बांधून छपराखाली, आडव्या टांगाव्यात आणि दरवर्षी बदलाव्यात. फुकटात काम होतं. पोयासाठी केरळात बांबूच्या नळ्या आणि मातीची मडकी वापरतात, मेक्सिकोत माया लोक शतकानुशतकं पोकळ ओंडके वापरत आले. आपल्याकडे ती भिंतीतून निघाली तर निदान सिमेंटनं तिचं दार लिंपू नये.

पाणी उथळ हवं. परळात खडे, खड्यांच्या निम्म्यापर्यंत पाणी. माशीला बसायला कोरडी जागा. उन्हाळ्यात आग्या आणि सातेरी पाणी वाहून नेऊन, पंखांनी वारा घालून पोळं थंड ठेवतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये गळक्या नळापाशी माश्यांची रांग लागते. डासांची भीती रास्त आहे. पाणी रोज ओतून पुन्हा भरलं की ती उरत नाही. फुलपाखरांना मात्र स्वच्छ पाण्यापेक्षा ओला चिखल आवडतो. नरांना क्षार लागतात. एका कोपऱ्यात वाळू-माती ओली ठेवून चिमूटभर मीठ किंवा थोडं शेण टाकलं तर पुरतं. पावसाळा ओसरताना खुळखुळ्याच्या वाळक्या फांद्यांवर निळ्या पट्ट्यांची फुलपाखरं थव्यानं बसतात. तीही तिथली रसायनं घ्यायला. मादीला रिझवायचा गंध नरांना त्या रसायनांतून तयार करायचा असतो. पूर्ण वाळलेली फांदी म्हणजे बागेतला कचरा, ही समजूत या दृश्यानं कायमची जाते.

धूर, औषध, उजेड

हे लवकर आटपतं, कारण इथं मतभेदाला जागा थोडी आहे. रोपवाटिकेत ‘माव्यावर रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या छोट्या बाटल्यांत पुष्कळदा इमिडाक्लोप्रिड असतं. ते झाडात भिनतं, पराग-मकरंदातही उतरतं. युरोपीय संघानं २०१८ साली त्याच्यासह तीन निओनिकोटिनॉइड औषधांचा उघड्यावरचा वापर बंद केला. घरच्या कुंडीला त्याची गरज नाही. कोथिंबीर, बडीशेप, मुळा थोडे फुलू दिले तर त्यांच्या फुलांवर पट्टेदार माश्या येतात, आणि त्यांच्या अळ्या मावा खातात. निंबोळी अर्कसुद्धा फवारायचाच तर माश्या परतल्यावर, आणि उमललेल्या फुलांवर नको.

सोसायटीतली धुरळणी हा मोठा पेच. डेंग्यूची भीती खरी, पण धूर सोडला जातो तो नेमका दिवेलागणीला, पतंग बाहेर पडायच्या वेळी. साचलेलं पाणी शोधून उपसणं हा डासांवरचा खरा उपाय आहे. तो कंटाळवाणा असल्यामुळे मागे पडतो. रात्रभर जळणारे पांढरे एलईडी पतंगांना दुधीपासून दिव्याकडे ओढून नेतात. पिवळसर, खाली तोंड असलेला, अकरानंतर बंद होणारा दिवा. याला पैसे लागत नाहीत, फक्त एका बैठकीत विषय काढावा लागतो.

आग्या आणि पेटी

पावसाळा संपला की आग्या मोहोळं शहरांत उतरतात आणि उंच इमारतींच्या सज्ज्यांखाली लटकतात. मग फोन जातो, रात्री कुणीतरी येऊन जाळ किंवा औषध करतं, आणि सकाळी खाली माश्यांचा सडा पडतो. आग्याची भीती पोकळ नाही. डिवचलेलं मोहोळ माणसाला ठार करू शकतं, आणि ज्याच्या गॅलरीला लागून, लहान मूल असलेल्या घराशी ते आलं त्याला जपून राहा म्हणून सांगणं सोपं नाही. पण बहुतेक पोळी उंचावर असतात, काही महिन्यांनी वसाहत आपणहून उठून जाते, आणि हल्ल्यांमागे बहुधा दगड, धूर, फटाके असं काहीतरी माणसानं केलेलं असतं. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे. मोहोळ न मारता हलवायचं शिकलेले लोकही आता बऱ्याच शहरांत भेटतात.

याउलट गच्चीवर मेलिफेराची पेटी ठेवून ‘मधमाश्या वाचवल्या’ म्हणणारा नवा वर्ग आहे. पेटी हा चांगला जोडधंदा आहे. साताऱ्यातल्या महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली ‘मधाचं गाव’ म्हणून पुढे आलं, तिथं तो पिढ्यांचा व्यवसाय आहे आणि माश्या मुख्यतः सातेरी आहेत. पण जिथं फुलंच मोजकी, तिथं हजारो पाळीव तोंडं आणून सोडली तर त्यांचा वाटा निघतो तो बिळांतल्या आणि काड्यांतल्या अनामिकांच्या ताटातून. शिवाय पेट्या फिरतात तसे रोगही फिरतात. १९९१-९२ च्या सुमारास एका विषाणुजन्य रोगानं दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहतींचा अक्षरशः फडशा पाडला होता. शहरी बाग करणाऱ्यानं आधी फुलं, मग माती, आणि पेटी जमल्यास कधीतरी, असा क्रम ठेवावा.

जागा थोडी आहे ही सबब मात्र फार टिकत नाही. मुंबईत मिठीच्या काठावर, जिथं पूर्वी शहराचा कचरा पडे, तिथं लावलेल्या झाडांतून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं. ठाण्याची ओवळेकर वाडी ही मूळची शेतजमीन. अळ्यांची खाद्यझाडं लावून तिथं फुलपाखरांचं उद्यान झालं, जाळीशिवाय, उघड्यावर. आग्या मैलोगणती उडते, पण पोया आणि बारीक एकाकी माश्यांची झेप काहीशे मीटरांचीच. त्यांना एक मोठं उद्यान तीन किलोमीटरवर असून उपयोग नाही. प्रत्येक इमारतीत चार कुंड्या असतील तर आहे.

आमच्या इमारतीत मागच्या बाजूची, पार्किंग आणि कुंपणाच्या मधली पट्टी फरशीविना सोडावी असा विषय मी तीन सभांत मांडला. पहिल्या सभेत डासांचा मुद्दा आला, दुसऱ्या सभेत सापांचा. तिसऱ्यात पट्टी मंजूर झाली, पण एका वर्षापुरती. माळीदादांनी दुसऱ्या दिवशी कुदळ आणली आणि विचारलं, इथं काय लावायचं? काही नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. आता तिथं टाकळा, घोळ आणि कसलं तरी बारीक पिवळं फूल आलंय. भाद्रपदातल्या उघडिपीत मातीला पाच-सहा बारीक भोकं पडलेली दिसली, कडेला चाळून टाकल्यासारखी माती. आत कोण राहतं ते अजून पाहिलेलं नाही. सकाळी नऊच्या आत जाऊन बसावं लागेल, ऊन यायच्या वेळी.